उजव्या बाजूची शिवण

वंदना सोनवणे या बाईवर अन्याय झाला. ज्या वर्षी आपल्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि पाट्यांवरचं शहराचं नाव अजून बदललेलं नव्हतं, त्या वर्षी वैशाख पौर्णिमेच्या आदल्या रविवारी, संध्याकाळच्या पहिल्या खेळाला तो झाला. प्रदर्शनाच्या मैदानावर, काचेच्या टाकीसमोर, माइकवरून झाला.

पाण्याच्या मोर्चांची पत्रकं लिहून मला ही सवय लागली आहे. पहिल्या ओळीत कुणावर आणि कधी, शेवटच्या ओळीत मागणी. मधल्या मजकुरात रडायचं नाही. या अंकाच्या संपादकांनी मला ‘तुमच्या कामातल्या गमतीजमती’ लिहायला सांगितल्या. माझं काम म्हणजे जलपऱ्यांच्या शेपट्या तयार करणं. ऐकणारा आधी हसतो, मग विचारतो, “म्हणजे नक्की काय?” हसून झालं असेल तर सांगते.

शहागंजात आमचं दुकान आहे, मासे पाळायच्या काचेच्या टाक्यांचं. माझे वडील, अण्णा, टाक्या बांधतात. काचेला काच जोडायला सिलिकॉन लागतं, नळीतून पिळायचं, घट्ट सायीसारखं. मी शाळेतून आले की दप्तर ठेवून टाकीच्या कडा बोटानं सारख्या करायचे. टाकी गिऱ्हाइकाला कधी द्यायची याचा अण्णांचा नियम एकच होता. ते टाकीत डोकं घालून हुंगायचे. हे सिलिकॉन पक्कं होताना व्हिनेगरसारखा आंबट वास सोडतं. वास येतोय तोवर आत काम चालू आहे. वास गेला की टाकी तयार. “डोळे धोका देतात, बोट धोका देतं,” अण्णा म्हणायचे, “नाकाला विचार.”

मग दुष्काळाची ती वर्षं आली. शहर चारी बाजूंनी वाढत होतं, बीड बायपासच्या पलीकडं इमारतींवर इमारती, आणि प्रत्येक इमारतीखाली टँकर. माणसाला प्यायला नाही तिथं माशाला कोण पाणी घालणार? गिऱ्हाईक यायचं ते टाकी परत द्यायला. एक गुरुजी आपली मोठी टाकी रिक्षात घालून घेऊन आले आणि म्हणाले, “हिला खाली भोक पाडून तोटी बसवून द्या.” मासे? “मासे मेव्हण्याच्या विहिरीत सोडले. आता आम्ही पिणार यातून.” अण्णांनी तोटी बसवून दिली. गुरुजी जाताना म्हणाले, “तेवढी ती खालची शोभेची वाळू राहू द्या, पाहुण्यांना बरं वाटतं.”

शेपटीकडं मला नेलं एका लग्नाच्या फोटोग्राफरनं. नवरी जलपरी, नवरा कोळी, तलावाकाठी फोटो, अशी त्याची कल्पना. बाहेरून मागवलेली शेपटी परवडेना, म्हणून तो सिलिकॉनवाल्यांच्या शोधात आमच्याकडं आला. मी प्लास्टरच्या साच्यात चमच्याच्या टोकानं खवले कोरले, त्यावर सिलिकॉनचे थर दिले आणि दोन महिने चुकत चुकत एक शेपटी उभी केली. ती घेऊन आम्ही तलावावर गेलो तर तलाव आटलेला. भेगाळलेल्या तळावर नवरी आडवी झाली. फोटोग्राफर खूश. “लई भारी! हा कन्सेप्टच आहे मॅडम!” नवरी शेपटीतूनच ओरडली, “कन्सेप्ट गेला खड्ड्यात, मेलेली मासोळी दिसतेय मी!” नवऱ्याची आई छत्री धरून उभी होती. ती म्हणाली, “लग्नाआधीच सुनेला तळायला घातलं.” ते फोटो पुढं खूप फिरले आणि मला कामं मिळू लागली.

आता जोडणीचं सांगते, कारण सगळं प्रकरण त्यावर आहे. शेपटी दोन तुकड्यांत होते, पुढचा आणि मागचा. खाली दोन्ही पाय एकत्र अडकवायचं ताठ प्लास्टिकचं पातं असतं, ते दोन तुकड्यांच्या मधे जातं. मग कमरेपासून पात्यापर्यंत डावीकडं एक शिवण, उजवीकडं एक. शिवण म्हणायचं, पण सुई-दोरा नाही. सुईचं भोक पडलं की सिलिकॉन तिथून फाटत जातं. डिंक, रबराचं सोल्युशन काहीही लावा, सालपट निघावं तसं निघतं. सिलिकॉनला फक्त सिलिकॉन चिकटतं, आणि तेही स्वच्छ असलं तर. खोबरेल तेलाचा हात लागला, टाल्कम पावडरचा कण बसला, की गेलं. म्हणून कडा स्पिरिटनं पुसायच्या, एकीवर दुसरी बोटभर चढवायची, मधे पातळ थर द्यायचा आणि चमच्याच्या पाठीनं आतून बाहेर दाबत हवा काढायची.

यानंतरचं काम थांबण्याचं. आमच्या धंद्यात त्याला ‘वाळणं’ म्हणतात. “वाळलं का?” “वाळतंय.” हा शब्द साफ खोटा आहे. नळीतलं सिलिकॉन वाळत नाही, उलट ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्यानं घट्ट होतं. पावसाळ्यात काम पटकन होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात ओठ फुटतात तशी हवा असते, तेव्हा त्याला प्यायला काही मिळत नाही. वर कातडी धरते, आत कच्चं राहतं. त्यात ते दोन पट्ट्यांच्या मधे दाबलेलं, ओलावा शिरणार तो फक्त कडेच्या फटीतून. म्हणून मी उन्हाळ्यात खोली बंद करून भिंतींना ओली पोती टांगायचे. पाणी भांडी धुतलेलं.

पाण्याचे मोर्चे काढणाऱ्या आमच्या गटातला सुधीर घोषणा द्यायचा आणि बाकी वेळ मला टोमणे. “मने, सकाळी पाण्यासाठी हंडा वाजवतेस आणि दुपारी जलपरी नटवतेस. तू नक्की कुणाच्या बाजूची?”

“तू पत्रक छापतोस त्या कागदाला काय ऊन पाजतात का?” मी म्हणायचे. त्याला ते पटायचं नाही, तो पुढचा टोमणा जुळवायला लागायचा.

त्या उन्हाळ्यात फिरतं प्रदर्शन आलं. काचेचा बोगदा, वर मासे, पाळणे, भजी, आणि मधोमध मोठी टाकी: ‘जिवंत जलपरी’. टाकी टँकरनं भरलेली. त्यावर आमच्या गटानं पत्रक काढलं, ते मीच लिहिलं होतं, आणि त्यातला शब्द न् शब्द आजही मला मान्य आहे. पण टाकीत जी बाई उतरणार होती तिनं टँकर मागवला नव्हता.

ती वंदना. सोयगाव तालुक्यातली, विहिरीत पोहायला शिकलेली. पाठीला वाळका भोपळा बांधून काकानं ढकललं, दुसऱ्या उन्हाळ्यात भोपळा सोडला. शहरात ती एका तरण तलावावर मुलींना शिकवायची. पाणी नाही म्हणून तलाव बंद झाला आणि तिचं कामही. तलाव उघडला की परत घेऊ, असं तिला सांगितलेलं. तोवर ती जलपरी झाली. प्रदर्शनाची जुनी शेपटी चिंध्या झालेली होती, म्हणून मॅनेजरनं तिला माप द्यायला माझ्याकडं पाठवलं.

माप घेताना मी विचारलं, “पाण्यात भीती नाही वाटत, पाय बांधून?”

“पोहायचं काय नाय, ताई. हसायचं अवघड हाय. डोळे उघडे, दम धरलेला, अन् पोरांकडं बघून हसायचं. हसलं की नाकात पाणी जातं.” मग तिनं मला तिचा खरा बेत सांगितला. “तलाव उघडला ना, की सकाळची बॅच फक्त बायांची मागणार हाय मी. पोरींच्या आया काठावर बसून बघत्यात नुसत्या. त्यांनाच ढकलणार हाय आधी.”

माझी कामाची खोली उस्मानपुऱ्यात, कुलकर्णी काकूंच्या घरात तळमजल्यावर. काकू सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, पाण्याच्या थेंबाथेंबाला जपणाऱ्या. मी डावी शिवण घातली. पोती टांगली, खोली बंद केली, वास पूर्ण जाईपर्यंत थांबले. मग उजवी घातली. दारावर कागद लावला, ‘वाळत आहे, हात लावू नये’. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा मोर्चाला गेले. तो रविवार होता. मॅनेजरला मी स्पष्ट सांगितलं होतं: मंगळवारच्या आधी नाही.

माझ्या मागं जे घडलं ते काकूंनीच मला सांगितलं. मॅनेजर गाडी घेऊन दारात आला. “मॅडम नहीं हैं? आज संडे है, पब्लिक आएगी.” काकूंनी कागद वाचला, दुसऱ्या किल्लीनं दार उघडलं. आत अंधार, दमट, भिंतींना ओली पोती. त्यांना माझी दया आली. पोरीला साधं वाळवणही घालता येत नाही. “अहो, या ओलीत काय वाळणार? वर घेऊन चला.” गच्चीवर त्यांच्या कुरडया पसरलेल्या होत्या. काकूंनी कुरडया बाजूला सारल्या, स्वच्छ धोतर अंथरलं आणि मॅनेजरनं वर आणलेली शेपटी त्यावर पसरली. वैशाखातलं ऊन. दुपारपर्यंत शिवणीवरून बोट फिरवलं तर कडक लागत होती. मॅनेजर शेपटी खांद्यावर टाकून घेऊन गेला. काकूंनी पोतीही उतरवून उन्हात टाकली, घडी करून ठेवली. चांगल्या मनानं.

मी परत आले तर खोली कोरडी, स्वच्छ आणि रिकामी.

मैदानावर पोचले तेव्हा टाकीमागच्या कनातीत वंदना अर्धी शेपटीत होती. मी वाकून उजव्या शिवणीला नाक लावलं. आंबट.

“उतर. कच्ची आहे.”

मॅनेजरनं अंगठा दाबून दाखवला. “ये देखो, पत्थर हो गया है. क्या कच्ची?”

“वर पत्थर आहे. आत नाही. दोन दिवस द्या.”

“दो दिन में मैदान खाली करना है. बाहर लाइन देखी?”

वंदनानंही वाकून वास घेतला. “साहेब, खरंच आंबट येतंय. अंगालाबी चुणचुणतंय इथं.”

“अत्तर मार लो,” तो म्हणाला आणि बाहेर गेला.

मी तिला म्हटलं, जाऊ नकोस. ती शेपटीची कड कमरेवर ओढत होती. “ताई, मी नाय म्हनले तर तो आत्ता त्या तिकिटाच्या खिडकीतल्या पोरीला घालील. तिला पोहायला येत नाय. मला येतं.” मग मला धीर द्यायला हसली. “विहिरीत नव्हते का मी? तिथं तर कासवं होती.”

मी काचेपुढं जाऊन उभी राहिले. शिडीपाशी जाण्याचा रस्ता मॅनेजरच्या माणसांनी अडवला होता. ती उतरली, एक गिरकी घेतली, पोरं किंचाळली. दुसऱ्या वेळी तिनं जोरात पातं मारलं आणि उजव्या नितंबापाशी शिवण उसवली. आधी एक बुडबुड्यांची रांग निघाली. लोकांना ती खेळाचा भाग वाटली. मग शिवण खालपर्यंत उघडली, शेपटी पाण्यानं भरली आणि तिचे बांधलेले पाय जड होऊन खाली जायला लागले.

पुढं तिनं काय केलं ते नीट वाचा. ती वर येण्यासाठी धडपडली नाही. ती खाली वाकली. हात पात्यापर्यंत नेले, पायांचे पट्टे सोडवले, एक पाय काढला, दुसरा काढला, शेपटी अंगावरून सोलून टाकली, तळाला पाय टेकवून उसळी घेतली आणि वर येऊन शिडी धरली. सगळं एका दमात. आत काळी पोहण्याची चड्डी होती, गुडघ्यापर्यंतची. शिडीवर चढून तिनं आधी वरूनच काचेपलीकडच्या पोरांना हात केला, कारण एक लहान मुलगी रडायला लागली होती.

लोक हसले. फोन आधीपासून वर होतेच. आणि तेव्हा मॅनेजर माइकवर म्हणाला, “भाइयों और बहनों, जलपरी ने भजिया ज्यादा खा लिया! मोटी हो गई, पूंछ फट गई!” मैदान फुटलं हसून.

हाच तो अन्याय. पाण्यात बाईचा जीव गेला असता आणि माइकवरून तिच्या कमरेचं माप निघालं. त्याच संध्याकाळी तिचं काम गेलं, कारण दिलं गेलं वजन.

शेपटी मी टाकीतून काढून घेऊन आले. खोलीत दोन्ही शिवणी उघडून बघितल्या, म्हणजे बघायचा प्रयत्न केला. उजवीची वरची कातडी नखानं सोलली, आत पातळ श्रीखंडासारखं सिलिकॉन, अजून आंबट. डावी शिवण मी आणि काकूंनी दोन्हीकडून धरून ओढली. शेजारचे खवले फाटले, शिवण सुटली नाही. डावी ओल्या पोत्यांत झाली होती, उजवी गच्चीवर. वंदनाचं अंग दोन्हींच्या आत एकच होतं. वजन वाढलं असतं तर ते फक्त उजवीकडं वाढलं होतं काय?

काकूंनी ती चिकट पट्टी बोटांत चोळून बघितली. मग म्हणाल्या, “म्हणजे हे वाळत नाही. हे विरजतं.”

“तसंच काहीतरी.”

“मग तसं लिहायचंस ना बाई दारावर! विरजण लावलंय म्हटलं असतंस तर मी भांडं हलवलं असतं का? त्याला ऊन दाखवलं असतं? त्या मॅनेजरला दारातून परत पाठवलं असतं.” पदर खोचून उभ्या राहिल्या. “चल. मी सांगते त्या माणसाला, गच्चीवर मी घालायला लावलं म्हणून.”

त्या खरंच आल्या. मॅनेजर पाळण्यांचे सांगाडे उतरवून घेत होता. काकूंनी आपलं काम सांगितलं, स्वच्छ मराठीत, कचेरीत बोलतात तशा. “चूक माझ्या गच्चीची आहे, तुमच्या घाईची आहे. त्या मुलीच्या शरीराची नाही. ज्या माइकवरून बोललात त्याच माइकवरून हे सांगा.”

“आंटी, माइक तो ट्रक में चला गया,” तो म्हणाला.

मी गटाकडं गेले, पत्रक काढू म्हटलं. सुधीरनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “आपलं पत्रक पाण्याचं आहे. त्यात शेपटी घुसवली तर लोक पाणी विसरतील, शेपटीवरच हसतील.” तो चुकीचं बोलत होता असं म्हणता येत नाही, लोक हसलेच असते. पण मला अजून वाटतं की ते पत्रक पाण्याचंच होतं. बाईला टाकीत उतरवायला टँकर मिळाला, तिची शिवण पक्की व्हायला हवेत ओल मिळाली नाही. याहून पाण्याचं काय असतं? गटानं ते छापलं नाही. मी एकटीनं छापायला हवं होतं, असं कधी कधी मनात येतं.

प्रदर्शन गेलं, व्हिडिओ राहिला. पुढच्या पावसाळ्यानंतर तलाव उघडला. वंदना तिथल्या खिडकीवर गेली. तिथल्या माणसानं फोन काढून तिलाच तो व्हिडिओ दाखवला. “ह्या तुम्हीच ना? पालक नको म्हणतात. जी स्वतः टाकीत बुडायला लागली ती पोरींना काय शिकवणार, असं विचारतात.” ती वाद न घालता परत आली आणि माझ्याकडं चहा प्याली. “बुडत नव्हते ना मी, ताई,” एवढंच म्हणाली. “तुम्ही बघत होता.”

मी बघत होते. म्हणून लिहिते आहे.

शेपट्या मी अजून करते. आता दारावर पाटी आहे, काकूंच्या अक्षरात: ‘विरजण लावले आहे’. पोस्टमन दरवेळी विचारतो, एवढं दही कुणाला लागतं. वंदना आता एका शाळेच्या बसवर मुलं उतरवून घ्यायला असते. उन्हाळ्यात गावी गेली की विहिरीवर बायांना शिकवते. शहरात नाही.

आता मागणी. तो व्हिडिओ दरवर्षी मे महिन्यात पुन्हा फिरतो, यंदाही तुमच्यापर्यंत येईल. पुसू नका. आवाज बंद करा आणि बघा. माइक नसला की काय दिसतं ते बघा: पाण्यानं भरलेल्या पिशवीत पाय बांधलेली एक बाई न घाबरता वाकते, एका दमात स्वतःला सोडवते आणि वर येऊन रडणाऱ्या मुलीला हात करते. मग तुमच्या मुलीचं नाव घालायला ज्या तलावाच्या खिडकीवर जाल तिथं तोच व्हिडिओ, तसाच मुका, आतल्या माणसासमोर धरा आणि विचारा: आमच्या मुलीला शिकवायला ही बाई का नाही? उत्तर मिळेपर्यंत खिडकी सोडू नका.